चित्र यंत्रांत कीं पडद्यावर?

जुन्या व्हिडिओ गेमचे जे शौकीन आहेत, त्यांच्यांत एक वाद नेहमीं रंगतो. खेळाचें चित्र मूळ कन्सोलवर सरस दिसतें, कीं एम्युलेटरवर? एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राचें कार्य जसेंच्या तसें वठविणारी संगणकावरील आज्ञावली. या वादाचा निकाल देण्यापूर्वीं, चित्र पुरें कोठें होतें, हें पाहणें अवश्य आहे.

१९९० सालीं जपानांत निघालेला निन्टेंडोचा सुपर फॅमिकॉम घ्या. त्याचें चित्र बहुधा आडव्या २५६ व उभ्या २२४ बिंदूंचें असे. या हिशेबानें तें जवळजवळ चौरस व्हावें. परंतु तत्कालीन पडदा ४ : ३ या प्रमाणाचा, त्यावर प्रत्येक बिंदु किंचित् आडवा ताणला जाई. एम्युलेटरनें बिंदु चौरस ठेवले, तर आंकडे अचूक राहतात, पण चित्र अरुंद होतें.

दुसरी गोष्ट पिक्चर ट्यूबची. तींत इलेक्ट्रॉनांचा झोत ओळीमागून ओळ उजळीत जातो. झोताची कडा मऊ असते. साध्या कंपोझिट तारेंतून येणारे शेजारचे बिंदुही एकमेकांत मिसळतात. सेगाच्या १९९१ च्या ‘सॉनिक द हेजहॉग’ मधील धबधबा उभ्या पट्ट्यांनीं काढलेला आहे: एक पट्टी पाण्याची, एक रिकामी. ट्यूबवर त्या पट्ट्या विरघळून पाणी पारदर्शक भासे. एम्युलेटरच्या स्वच्छ चित्रांत पाणी जातें आणि पट्ट्या उरतात. वर्तमानपत्रांतील छायाचित्र भिंगाखालीं धरलें असतां चेहरा नाहींसा होऊन ठिपके दिसावे, तसाच हा प्रकार.

रंगांची कथा याहून नाजूक आहे. १९८३ चा फॅमिकॉम आपले रंग थेट दूरचित्रवाणीच्या संकेतांतच निर्माण करी, आणि प्रत्येक संच त्यांचा आपापल्या परीनें अर्थ लावी. म्हणूनच एम्युलेटरांतून त्या रंगांचे अनेक पाठभेद आढळतात.

तर मग मूळ कन्सोलच श्रेष्ठ काय? तसेंही नाहीं. तोच कन्सोल नव्या सपाट संचाला जोडून पाहा. त्याचा संकेत २४० ओळींचा. परंतु पुष्कळ संच त्याला दोन हप्त्यांनीं येणारा ४८० ओळींचा संकेत समजतात व ओळींची नसती जुळवाजुळव करूं लागतात. चित्र अस्पष्ट होतें, आणि कळ दाबल्याचा परिणाम उशिरां दिसतो. येथें एम्युलेटर वरचढ ठरतो. २१६० ओळींच्या पडद्यावर जुन्या एका ओळीस बरोबर नऊ ओळी मिळतात. त्यांत ओळींमधील काळोखी फट, झोताची मऊ कडा व फॉस्फरची चमक यांची नक्कल करणारे फिल्टर आज उपलब्ध आहेत.

तात्पर्य, आज्ञावली जतन केली म्हणजे खेळ जतन झाला, असें नव्हे. चित्राचा अर्धा भाग यंत्रांत होता, अर्धा काचेवर. दूरचित्रवाणीच्या ट्यूबांचें मोठ्या प्रमाणावरील उत्पादन आतां बंद झालें आहे. उरलेले संच जीर्ण होत आहेत. नक्कल कितपत साधली, हें मूळ चित्राशीं ताडूनच कळावयाचें. तेव्हां आपल्या घरीं चालू स्थितींतील ट्यूबचा संच असेल, तर तो भंगारांत घालण्यापूर्वीं दोनदां विचार करावा. तो अडगळ नव्हे. तो या चित्रांचा मापदंड आहे.