‘दुर्लक्ष कर’ म्हणण्याआधी

भाचीच्या फोटोखाली कुणीतरी घाणेरडं लिहिलं, तेव्हा मीच तिला म्हणाले, ‘‘दुर्लक्ष कर गं, नाहीतर अकाउंटच बंद कर.’’ मग अमेरिकेतल्या कायद्याच्या प्राध्यापिका डॅनिएल सिट्रॉन यांच्याविषयी वाचलं नि चपापले. २००९ मध्येच त्यांनी मांडलं होतं, की अशा छळामुळे बायका बोलणंच सोडतात. म्हणून हा नागरी हक्कांचा प्रश्न आहे. २०१४ मध्ये त्यांचं यावर पुस्तक आलं. ट्विटर, फेसबुकसारख्या कंपन्यांनीही त्यांचा सल्ला घेतला. संमतीशिवाय खासगी फोटो टाकायला ट्विटरने २०१५ मध्ये बंदी घातली.

काल भाचीला फोन केला. म्हटलं, ‘‘चुकलंच माझं. स्क्रीनशॉट ठेव, तक्रार कर. गप्प त्याने बसायचं, तू का म्हणून?’’