एका फाइलचे दोन मालक

जेरार्ड बीकमन्स यांनी 1999 साली 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' हे पुस्तक खुलं केलं. कम्पायलरपासून लॉगिनपर्यंत सगळी सिस्टीम सोर्स कोडमधून स्वतःच्या हातांनी उभी करायची, ही त्याची रीत. पुस्तकात पॅकेज मॅनेजर मुद्दामच ठेवलेला नाही, कारण तो आला की सिस्टीम कशी घडते हे शिकणं बाजूला पडतं. त्यामुळे डेबियन वापरणाऱ्याला सहसा न दिसणारा प्रश्न इथे बांधणाऱ्याच्याच अंगावर येतो. दोन पॅकेजं एकाच जागी एकाच नावाची फाइल टाकू लागली, तर ती कोणाची?

'किल' ही साधी कमांड घ्या. कोअरयुटिल्सच्या सोर्समध्ये ती आहे, युटिल-लिनक्समध्ये आहे आणि प्रॉकपीएसमध्येही. रूट होऊन 'मेक इन्स्टॉल' चालवलं की शेवटी आलेला आधीच्याची फाइल पुसून आपली ठेवतो आणि स्क्रीनवर चकार शब्द उमटत नाही. पुढे कधीतरी पहिलं पॅकेज अपग्रेड केलं की बाजी पुन्हा उलटते. डेबियनचा डीपीकेजी अशा वेळी ही फाइल अमुक पॅकेजची आहे असं सांगून थांबतो, आर्चचा पॅकमनही अडून बसतो. हाताने बांधलेल्या सिस्टीमवर अडवणारं कोणी नसतं.

मथियास बेंकमन यांनी यावर काढलेली युक्ती मला आजही या साऱ्या इतिहासातली सर्वात सुंदर गोष्ट वाटते. प्रत्येक पॅकेजसाठी एक स्वतंत्र युजर तयार करायचा आणि त्याच युजरने ते पॅकेज इन्स्टॉल करायचं. सामायिक डिरेक्टऱ्या 'इन्स्टॉल' नावाच्या ग्रुपच्या ताब्यात द्यायच्या आणि त्यांच्यावर स्टिकी बिट लावायचा. मग त्या ग्रुपमधल्या कोणालाही तिथे नवी फाइल ठेवता येते, पण दुसऱ्याची फाइल पुसता किंवा बदलता येत नाही. झटापट झाली की इन्स्टॉल तिथल्या तिथे 'परवानगी नाही' म्हणून कोसळतं. वेगळा डेटाबेस लागत नाही. फाइलच्या मालकाचं नाव हाच तिचा सातबारा. एखाद्या पॅकेजच्या सगळ्या फाइली हव्या असतील, तर 'फाइंड'ला त्या युजरचं नाव दिलं की यादी समोर येते. शिवाय परक्या मेकफाइलच्या हाती रूटचे अधिकार जात नाहीत. हा फायदा माझ्या मते झटापट पकडण्याइतकाच मोठा आहे.

अडचणीही होत्या. काही पॅकेजं इन्स्टॉल होताना 'सीएचओन' चालवतात किंवा रूटच्या मालकीची सेटयूआयडी फाइल ठेवू पाहतात. साध्या युजरला ते जमत नाही, म्हणून त्या कमांडभोवती आवरण-स्क्रिप्ट लिहाव्या लागल्या. त्याहून अवघड प्रकरण माहिती-पानांच्या 'डीआयआर' या सूचीचं. तिच्यात प्रत्येक पॅकेज आपली ओळ घालतं, म्हणजे तिला एक मालक असूच शकत नाही. ती कोणाच्याच नावावर न ठेवता पानांवरून पुन्हा तयार करायची, हाच तिथला सरळ मार्ग.

इतरांनी वाटा बदलून पाहिल्या. जीएनयू स्टो प्रत्येक पॅकेज वेगळ्या डिरेक्टरीत ठेवून सिमलिंक जोडतं. ब्राझीलमधल्या गोबोलिनक्सने अख्खी डिरेक्टरी-रचनाच तशी केली. एल्को डोल्स्ट्रा यांच्या निक्सने तर प्रत्येक बिल्डला हॅश असलेला स्वतंत्र पत्ता दिला. फाइली एकमेकींवर पडायच्या थांबल्या, पण युजरच्या प्रोफाइलमध्ये 'किल' नावाची जागा एकच उरते आणि तिथे कोण बसणार हे निक्सलाही प्राधान्यक्रम लावूनच ठरवावं लागतं.

काही भांडणं मूळ लेखकांनीच मिटवली. 2012 मध्ये कोअरयुटिल्सच्या 8.18 आवृत्तीतून 'एसयू' ही कमांड काढून टाकली गेली आणि त्याच वर्षी ती युटिल-लिनक्समध्ये आली. शॅडो या पॅकेजमध्ये ती होतीच. म्हणजे दावेदार तरीही दोन उरले.

त्याच सुमाराला नवी भानगड सुरू झाली. 2012 च्या फेडोरा 17 ने 'बिन' ही डिरेक्टरी 'यूएसआर'मधल्या 'बिन'मध्ये विलीन केली, मग इतरांनीही तेच केलं. आता दोन वेगळे पत्ते एकाच फाइलकडे नेऊ लागले, पण डीपीकेजीच्या लेखी ते दोनच राहिले. एखादी फाइल एका पॅकेजमधून दुसऱ्यात गेली आणि तिचा पत्ताही बदलला, तर जुनं पॅकेज आवरताना नवी फाइल पुसली जाण्याचा धोका होता. डेबियनने अशा हलवाहलवीवर काही काळ बंदीच घातली होती.

लिनक्स फ्रॉम स्क्रॅचच्या पुस्तकाने या काळात धरलेली वाट मला सर्वात पटते: वाद इन्स्टॉलपर्यंत पोचूच द्यायचा नाही. कोअरयुटिल्सला कॉन्फिगर करतानाच 'किल' आणि 'अपटाइम' बसवू नको असं सांगायचं, प्रॉकपीएसची 'किल' बंद करायची, शॅडोच्या मेकफाइलमधून 'ग्रुप्स' काढायची कारण कोअरयुटिल्सची अधिक चांगली आहे. पुस्तकाबाहेरचं पॅकेज असेल तर 'डेस्टडिर' देऊन आधी रिकाम्या डिरेक्टरीत उतरवायचं, त्याची यादी चालू सिस्टीमशी ताडून पाहायची आणि जुळणारं प्रत्येक नाव कोणाकडे राहील ते स्वतः ठरवून बिल्ड-स्क्रिप्टमध्ये कारणासकट लिहून ठेवायचं.