चाकांत अडकलेला सांधा

मोटार वळणावर घेतांना पुढच्या चाकाकडून ठेक्यांत 'कट् कट्' असा आवाज येऊं लागला, कीं चाकाजवळचा सांधा झिजला आहे हें जाणता मिस्त्री गाडी न उघडतांच सांगतो. सांधा बदलणें तसें थोड्या वेळाचें काम. पण दहा पावसाळे अंगावर घेतलेल्या, मुंबईची किंवा कोंकणपट्टीची खारी हवा खाल्लेल्या गाडीचा हा सांधा चाकाच्या हबांतून हलतच नाहीं, आणि सकाळीं सुरू झालेलें काम दुसऱ्या दिवसावर जातें. अशा वेळीं घाई केली तर सांध्याबरोबर चांगलें बेअरिंगहि जातें, आणि क्वचित् हबहि. तो कां अडकतो व कसा सोडवावा, हें आज सांगावयाचें आहे.

पुढच्या चाकांना इंजिनाची शक्ति देणाऱ्या गाडींत त्या चाकांनीं फिरावयाचें, आणि फिरतां फिरतां डावीउजवीकडे वळावयाचेंहि. साधा चौफुलीचा सांधा कोनांत फिरला, कीं त्याची गति प्रत्येक फेऱ्यांत दोनदां वाढते व दोनदां घटते. ते हिसके चालकाच्या हातापर्यंत पोंचतात. या अडचणीवर आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्यानें १९२० नंतरच्या दशकांत उपाय काढला. त्याच्या सांध्यांत सहा पोलादी गोळ्या वक्र खोबणींतून सरकतात आणि कोन कोणताहि असो, गति सारखी राहते. १९५९ सालीं इंग्लंडांत निघालेल्या अॅलेक इसिगोनिस यांच्या मिनी गाडींत याच जातीचा सांधा होता. आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरांत आलेल्या मारुति ८०० नें पुढचीं चाकें चालविण्याची ही पद्धत मध्यम स्थितींतल्या कुटुंबांच्या दारांत आणून उभी केली.

या सांध्याचा बाहेरचा भाग आडव्या धरलेल्या घंटेसारखा असतो. घंटेच्या माथ्यांतून अंगठ्याएवढा जाड दांडा निघतो व हबाच्या भोंकांतून आरपार जातो. दांड्यावर लांबीला समांतर असे बारीक दांते कोरलेले असतात, भोंकांतहि तसेच. दोन्ही एकमेकांत चपखल बसतात. कारखान्यांत याला स्प्लाइन म्हणतात. बाहेरून एक मोठा नट सर्वांना आवळून धरतो.

आतां पाणी आंत शिरतें. दात्यांमधील फट केसाहून बारीक असल्यामुळें शिरलेलें पाणी लवकर वाळत नाहीं. क्षार असेल तर गंजाला अधिकच वेग येतो. म्हणूनच ज्या थंड देशांत हिंवाळ्यांत रस्त्यांवरील बर्फ वितळविण्यासाठीं मीठ टाकतात, तेथल्या मिस्त्र्यांना हें दुखणें आपल्याहून अधिक परिचयाचें आहे. मुख्य गोष्ट अशी, कीं गंज हा मूळ लोखंडाच्या दुप्पट किंवा त्याहूनहि अधिक जागा मागतो. बंद फटींत ती जागा त्याला कोठून मिळणार? तो दोन्ही बाजूंना रेटतो आणि दांडा पाचरीप्रमाणें ठोकून बसविल्यासारखा होतो.

पहिलें काम नटाचें. त्याची कड दांड्याच्या खोबणींत ठोकून बसविलेली असेल तर ती छिन्नीनें आधीं उचलावी, खिळ असेल तर काढावी. नट सैल करावयाचा तो चाक जमिनीवर असतांना व ब्रेक दाबून धरून. पुष्कळ गाड्यांत तो २०० न्यूटन-मीटरच्या आसपास किंवा त्याहून घट्ट असतो, म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला २० किलो वजन टांगल्याइतका. जॅकवर उचललेल्या गाडीवर एवढा जोर लावणें म्हणजे गाडी अंगावर ओढून घेणें होय. मात्र नट सैल झाल्यावर गाडी हातभरहि ढकलूं नये. पुष्कळ बेअरिंगें त्या नटाच्या दाबानेंच एकत्र राहिलेलीं असतात.

नंतर गाडी उचलून भक्कम स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकवर विश्वास टाकूं नये. चाक काढावें, ब्रेकचा कॅलिपर तारेनें टांगावा, रबरी नळीवर लोंबत ठेवूं नये. खालचा बॉल जॉइंट सोडवावा म्हणजे हब बाहेर झुलूं शकेल. मग गंज सोडविणारें पातळ तेल दात्यांवर सोडावें. हें तेल मिनिटांत नव्हे, रात्रभरांत काम करतें. संध्याकाळीं दोन-तीनदां सोडून निजावें. निम्मीं भांडणें येथेंच मिटतात. ब्रेकच्या तबकडीवर मात्र थेंबहि पडूं देऊं नये.

सकाळीं बहुतेकांचा हात घणाकडे जातो. दांड्याच्या टोकावर उघडा घाव घातला तर टोक छत्रीसारखें पसरतें, आटे बसतात, आणि मग तें भोंकांतून मागें जाणेंच अशक्य होतें. शिवाय तो धक्का गोळ्यांना व बेअरिंगला सोसावा लागतो. ठोकावयाचेंच असेल तर जुना नट टोकाशीं समपातळीला येईपर्यंत चढवावा, वर पितळेचा किंवा लांकडाचा ठोकळा धरावा आणि चार-सहा मध्यम घाव घालून पाहावें. न हलला तर थांबावें.

खरें हत्यार म्हणजे हब-पुलर. त्याची पट्टी हबाच्या बोल्टांना किंवा छिद्रांना आवळतात व मधला स्क्रू दांड्याच्या मध्यावर टेकवून फिरवितात. हबाला तो धरून ठेवतो आणि दांड्याला आंत ढकलतो, त्यामुळें बेअरिंगवर ओढ येत नाहीं. स्क्रू घट्ट करून ताण तसाच ठेवावा, पुन्हां तेल द्यावें, पुलरच्या स्क्रूच्या माथ्यावर एक टोला द्यावा. सुटतांना बंदुकीसारखा आवाज होतो. म्हणून समोर उभें राहूं नये व चष्मा लावावा. आंतल्या बाजूनें सांधा धरून ओढण्याचा मोह मात्र टाळावा. दुसऱ्या टोकाचा सांधा त्यानें सुटून येतो.

आंचेचा उपाय मला पसंत नाहीं. हब तापून प्रसरण पावतो हें खरें, परंतु त्याबरोबर बेअरिंगचें ग्रीस वितळतें, सील व रबरी बूट जळतात, आणि भिजलेलें तेल पेट घेतें. बेअरिंग बदलावयाचेंच ठरलें असेल तर गोष्ट वेगळी. तरीहि न निघाल्यास संपूर्ण नकल उतरवून दाबयंत्र असलेल्या कारखान्यांत नेणें स्वस्त पडतें.

सांधा निघाल्यावर हबाचे दांते तारेच्या ब्रशानें स्वच्छ करावेत, गाडीच्या पुस्तिकेंत मनाई नसेल तर नव्या दांड्याला ग्रीसचा पातळ हात फिरवावा, व नट नवाच घालावा. तो अंदाजानें नव्हे, टॉर्क-पान्यानें पुस्तिकेंतील आंकड्यापर्यंत, चाक जमिनीवर टेकवून आवळावा. मग मोकळ्या मैदानांत स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी सावकाश गोल फिरवावी, एकदां डावीकडून, एकदां उजवीकडून, खिडक्या उघड्या ठेवून.