मार्चअखेर मजुरीचा हिशेब



मार्च आला की गटागटांत वह्या निघतात. कच्चा माल किती आला, विक्री किती झाली, बँकेचा हप्ता किती फिटला हे आपण नीट पाहतो. पण मजुरीचा हिशेब मात्र 'दिली की झालं' म्हणून मागे पडतो. म्हणून आज आम्ही त्याबद्दलच बोलणार आहोत. गटाने मसाल्याचा, पापडाचा किंवा शिवणकामाचा उद्योग काढला, कंपनी नोंदवली आणि मजुरीवर बायका ठेवल्या, की आपण त्यांच्या मालक होतो. आपल्या वहीतली एक चूक त्यांच्या पोटावर येऊ शकते.

हिशेबाचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि ३१ मार्चला संपतं. त्याआधी सगळ्यात पहिलं काम मस्टरचं. बारा महिन्यांचे हजेरीपट एकापुढे एक ठेवा. प्रत्येकीच्या हजेऱ्या मोजा आणि पगारपत्रकाशी जुळवा. अर्धा दिवस, जादा तास, पगारी सुट्टी यांची नोंद वेगळी हवी. मार्चची मजुरी एप्रिलमध्ये दिली तरी ती मार्चचाच खर्च असतो. 'देणे' म्हणून ती याच वर्षात लिहायची.

मग उचल बघा. कुणी पोराच्या शाळेसाठी घेतली असेल, कुणी दवाखान्यासाठी. किती दिली, किती फिटली, किती बाकी, हे त्या बाईला दाखवून तिची सही घ्या.

आता कपातीकडे येऊ. वीस किंवा अधिक कामगार असले की भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ लागू होतो. दहा किंवा अधिक असले, तर महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ईएसआय, म्हणजे कामगार विमा लागू होतो.

समजा, एका बाईची मजुरी रोज ५०० रुपये आहे आणि मार्चमध्ये २४ हजेऱ्या भरल्या. मजुरी झाली १२,००० रुपये. पीएफ १२ टक्क्यांनी १,४४०. ईएसआय पाऊण टक्क्याने ९०. उचलीचे १,००० वळते केले. तिच्या हातात येतील ९,४७० रुपये. उद्योगाने आपल्याकडून आणखी भरायचे ते पीएफचे १,४४० आणि ईएसआयचे सव्वातीन टक्क्यांनी ३९० रुपये. हा मालकाचा हिस्सा बाईच्या मजुरीतून कापता येत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. मार्चचे दोन्ही भरणे १५ एप्रिलपर्यंत व्हायला हवेत.

एवढी काटेकोरी कशासाठी? ईएसआयमध्ये बाळंतपणाला २६ आठवड्यांची भरपगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी मिळते. पण त्याआधीच्या दोन सहामाहींत मिळून निदान ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. एप्रिल ते सप्टेंबर ही एक सहामाही, ऑक्टोबर ते मार्च ही दुसरी. एखादीच्या दहा हजेऱ्या मस्टरमध्ये लिहायच्या राहिल्या आणि ७० ऐवजी ६० दिवसच दिसले, तर ऐन बाळंतपणात तिचा हक्क अडतो.

नावंही तपासा. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, मस्टरवर नुसतं 'शांताबाई', असं असेल तर पैसे काढताना बाई हेलपाटे घालते. पीएफचा बारा आकडी यूएएन नंबर प्रत्येकीला लिहून द्या.

व्यवसाय कराचंही बघून घ्या. महाराष्ट्रात महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्या बायकांना हा कर माफ आहे. टेम्पो चालवणाऱ्या भावाचा पगार १०,००० च्या वर असेल, तर त्याचे दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापायचे. वर्षाचे होतात २,५००. एवढीच रक्कम भरली गेली ना, ते चलनावरून पाहा.

शेवटी बोनस. वीस किंवा अधिक कामगार असतील, तर वर्षात निदान ३० दिवस काम केलेल्या आणि पगाराच्या मर्यादेत बसणाऱ्या प्रत्येकीला कमीत कमी ८.३३ टक्के बोनस द्यायचा असतो. सोपं गणित म्हणजे वर्षाच्या मजुरीचा बारावा हिस्सा. वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत, म्हणजे नोव्हेंबरअखेर तो द्यावा लागतो. म्हणून ती रक्कम मार्चमध्येच बाजूला काढा. नाहीतर दिसणारा नफा वाटून टाकाल आणि दिवाळीला हात रिकामे राहतील.

मैत्रिणींनो, हे सगळं झालं की नफा वाटण्याआधी एक बैठक घ्या. प्रत्येकीचं नाव, हजेऱ्या, मजुरी, कपात आणि बाकी मोठ्याने वाचा. जिला वाचता येत नाही, तिलाही तिचा हिशेब कळायला हवा. चूक तिथेच सापडली, तर पेनाच्या एका रेघेने दुरुस्त होते.