व्यालेली कुत्री थरथरते तेव्हा

कळवण तालुक्यात ज्या घरी दुभतं जनावर आहे, तिथे कॅल्शियमची बाटली नवी नाही. व्यायल्यावर एक-दोन दिवसांत गाय बसते, मान पोटाकडे वळवते, कान थंड पडतात. डॉक्टर शिरेतून हळूहळू कॅल्शियम सोडतात आणि पुष्कळदा काही वेळात ती उठून उभी राहते. हा दुग्धज्वर.

घरातल्या कुत्रीलाही असाच त्रास होतो, पण तिची लक्षणं उलटी, म्हणून तो ओळखू येत नाही. पिल्लं दोन-तीन आठवड्यांची झाली, दूध भरात आलं की ती धापा टाकू लागते, फेऱ्या मारते. पाय ताठ होतात, अंग थरथरतं, मग झटके येतात. ताप 105 अंश फॅरनहाइटच्या वर जाऊ शकतो. गाय थंड पडून लुळी होते, कुत्री तापून ताठरते. मूळ एकच, रक्तातलं कॅल्शियम घसरणं. पामेरियनसारख्या लहान चणीच्या कुत्रीत हे जास्त दिसतं. तिला विषबाधा झाली असं समजून वेळ घालवला, तर जीव जाऊ शकतो.

रक्तातल्या कॅल्शियमवर पहारा असतो तो मानेतल्या चार परावटू ग्रंथींचा. अवटू ग्रंथीला चिकटलेल्या, जेमतेम काही मिलिमीटरच्या. स्वीडनमधल्या ईव्हार सँडस्ट्रॉम या वैद्यकीय विद्यार्थ्याला 1877 मध्ये त्या आधी दिसल्या त्या कुत्र्याच्याच मानेत, माणसात नंतर. त्या काढलेल्या कुत्र्यांचे झटके कॅल्शियम टोचल्यावर थांबतात, हे मॅककॅलम आणि व्होग्टलिन यांनी 1909 मध्ये दाखवलं. आजचा उपचार त्याच वाटेने आलेला आहे.

कॅल्शियम कमी झालं की या ग्रंथी संप्रेरक सोडतात. हाडांतून साठा बाहेर येतो, मूत्रपिंड कॅल्शियम लघवीवाटे जाऊ देत नाही, ड जीवनसत्त्व कामाला लागून आतडं अन्नातून जास्त शोषून घेतं. आणि भरपूर कॅल्शियम आयतं मिळत राहिलं, तर ग्रंथी मंदावतात. म्हणूनच गाभण कुत्रीला कौतुकाने रोज कॅल्शियमची पावडर चारणं मला फार काळजीचं वाटतं. दूध सुरू होऊन एकदम मागणी वाढते, तेव्हा सुस्तावलेल्या ग्रंथी हाडातला साठा लगेच मोकळा करू शकत नाहीत.

वाढत्या पिल्लांची अडचण वेगळी. नुसत्या मांसात कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट फॉस्फरस असतो. बाजरीच्या भाकरीतही फॉस्फरसच जास्त. अशा खाण्यावर वाढणाऱ्या पिल्लाच्या ग्रंथी दिवसरात्र राबतात, हाडं पोखरली जातात आणि मांजराचं पिल्लू साध्या उडीने पाय मोडून घेतं. कळवणचं रखरखीत ऊनही इथे कामाचं नाही. कुत्र्या-मांजरांच्या कातडीत ड जीवनसत्त्व पुरेसं तयार होत नाही, ते अन्नातूनच मिळावं लागतं. पश्चिमेच्या डोंगराळ गावांतल्या नागलीत 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं खरं, पण तिच्यातही फॉस्फरस आहे. एकट्या नागलीवर पिल्लाचं भागत नाही.

म्हाताऱ्या कुत्र्यात कधी याच्या उलट घडतं. एका ग्रंथीत गाठ होते, संप्रेरक थांबतच नाही, कॅल्शियम चढतं. कुत्रा सारखं पाणी पितो, सारखी लघवी करतो. गाठ काढून टाकता येते, पण उरलेल्या तीन ग्रंथी इतके दिवस झोपल्यासारख्या असतात. शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यात रक्त पुन्हापुन्हा तपासावं लागतं ते त्यासाठी.