नळाला पाणी कमी दाबाने येते तेव्हा

उन्हाळा सुरू झाला, की नळाला बारीक धार येते अशी तक्रार, विशेषतः उंचवट्यावरील वाड्यांतून, ऐकू येते. अशा वेळी पुष्कळ लोक नळजोडणीलाच पंप लावतात. हा उपाय सोपा वाटला तरी तो घातक आहे.

नळातील दाब मुख्यतः पुरवठ्याच्या टाकीच्या उंचीवर अवलंबून असतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम असतो. वाहिनीतील घर्षणामुळे तो वाटेत घटत जातो; म्हणून टाकीपासून दूरच्या अथवा उंचावरील घरास पाणी कमी मिळते.

वाहिनीस जोडलेला पंप नवे पाणी निर्माण करीत नाही. तो शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढतो. शिवाय वाहिनीतील दाब बाहेरच्यापेक्षा कमी झाल्यास फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत शिरते. त्यातून हगवण, कावीळ, विषमज्वर यांसारखे रोग पंप लावणाऱ्याच्याही घरी पोहोचतात. म्हणूनच पाणीपुरवठा यंत्रणा अशा जोडणीस मनाई करतात.

प्रथम दोष कोठे आहे ते पाहावे. मीटरजवळच्या व स्वयंपाकघरातील नळाखाली तीच बादली भरण्यास किती वेळ लागतो, ते मोजावे. मीटरजवळ धार चांगली असेल, तर दोष घरातच आहे. गंजलेले लोखंडी नळ, अर्धवट उघडी झडप किंवा तुंबलेली जाळी ही त्याची नेहमीची कारणे होत.

मीटरजवळही धार बारीक असेल, तर संबंधित कार्यालयास कळवावे व जमिनीलगत साठवण टाकी बांधावी. नळाचे पाणी बॉलकॉकमधून त्या टाकीत आपोआप पडू द्यावे. नळाचे तोंड पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावे. माणशी १३५ लिटर धरल्यास पाच जणांना दिवसाला ६७५ लिटर लागतात. तेव्हा हजार लिटरची टाकी पुरेशी होय. तीतून पंपाने पाणी गच्चीवरील टाकीत चढवावे.

गच्चीवरील टाकी न्हाणीघरातील फवाऱ्याहून दोनच मीटर उंच असेल, तर दाब जेमतेम ०.२ किलोग्रॅम मिळतो. तेथे लहान बूस्टर पंप उपयोगी पडतो. मात्र तो टाकीतून खाली येणाऱ्या नळावरच बसवावा. पंपास अर्थिंग असावे. दोन्ही टाक्या झाकलेल्या असाव्यात व त्या वेळोवेळी धुवाव्यात.

वाहिनीतील पाणी साऱ्या वाड्याचे आहे. पंप आपल्या टाकीला लावावा, वाहिनीला कधीही लावू नये.