कातडीचा कर्करोग : किरणोपचारास प्रतिकारशक्तीची जोड

भुसावळहून निघालेली ताप्ती मार्गावरील पॅसेंजर गाडी नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली करीत सुरतेस पोहोचते. नवापूर स्थानकाचा फलाट काही महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत आहे, ही गोष्ट नव्या प्रवाशास आवर्जून सांगितली जाते. याच मार्गाने खानदेशातील माणूस पिढ्यान्‌पिढ्या सुरतेच्या यंत्रमागांवर आणि रंगाईच्या कारखान्यांत कामास गेला. लिंबायत, उधना, पांडेसरा या वस्त्यांतून आज अहिराणी व मराठी सर्रास कानी पडते. आजारी माणसेही याच मार्गाने जातात. नंदुरबारकडील कुटुंबास मुंबईपेक्षा सुरत सोयीची वाटते, कारण तेथे उतरावयास भावाचे किंवा मेहुण्याचे घर असते. दीर्घ उपचारांच्या बाबतीत ही सोय किती मोलाची आहे, हे पुढे दिसून येईल.

सुरतेस कर्करोगावरील उपचारांसाठी जाणाऱ्या रुग्णांत कातडीच्या कर्करोगाचे रुग्ण थोडेच असतात. तोंडाचा आणि स्तनाचा कर्करोग आपल्याकडे कितीतरी अधिक आढळतो. आपल्या कातडीतील काळसर रंगद्रव्य उन्हापासून तिचे रक्षण करीत असल्यामुळे गोऱ्या लोकांच्या देशांत जो रोग घरोघरी माहीत असतो, तो येथे क्वचितच दिसतो. मात्र या क्वचितपणामुळेच तो ओळखण्यास उशीर होतो. मेलानोमा हा त्यातील सर्वांत घातक प्रकार आपल्याकडे बहुधा पायाच्या तळव्यावर, तळहातावर किंवा नखाखाली उद्भवतो. शेतात अनवाणी वावरणारा माणूस तळव्यावरील काळ्या डागास काट्याची खूण समजून सोडून देतो. दुसरा प्रकार भाजल्याच्या जुन्या वणावर किंवा वर्षानुवर्षे न भरणाऱ्या जखमेवर होतो.

हा दुसरा प्रकार महाराष्ट्रातील वैद्यकास नवा नाही. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा वाहणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी डॉ. सूर्याबाई यांच्यासह १९४५ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. लोकांच्या राहणीतून उद्भवणाऱ्या कर्करोगांचा विचार त्यात केलेला होता. कमरेस धोतर घट्ट कसल्याने त्या जागी होणारा कर्करोग हा त्यातील एक होय. स्त्रियांमध्ये लुगड्याने किंवा परकराच्या नाडीने हेच घडते. वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी २०२४ मध्ये अशा दोन वयस्क स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी एकीने चाळीस वर्षे कमरेस लुगडे घट्ट आवळून नेसले होते. कमरेवरची जखम दोन वर्षे भरली नव्हती आणि तपासणीच्या वेळी रोग जांघेतील गाठीपर्यंत गेलेला होता.

सुरत हे साड्यांचे शहर असल्याने ही हकीकत वाचून कोणी भिण्याचे कारण नाही. नाडीच्या जागी काळा पट्टा पडणे, खाज येणे हे असंख्य स्त्रियांस होते आणि त्यातून कर्करोग होणे अत्यंत विरळ आहे. नाडी रुंद घ्यावी, सैल बांधावी, अधूनमधून तिची जागा बदलावी. तथापि, त्या जागी पडलेला फोड किंवा जखम चार आठवड्यांत भरली नाही, तिच्या कडा जाड झाल्या किंवा तिच्यातून रक्त येऊ लागले, तर मलम लावीत बसू नये. त्या जागेचा लहानसा तुकडा काढून तपासणे, म्हणजेच बायोप्सी, हाच निदानाचा खात्रीचा मार्ग आहे. तुकडा काढल्याने रोग पसरतो ही समजूत निराधार आहे.

रोग लहान असेल तर शस्त्रक्रियेनेच बहुतेक रुग्ण बरे होतात. गाठ मोठी असेल, मज्जातंतूंत शिरली असेल किंवा लसिका ग्रंथींत गेली असेल, तर शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार द्यावे लागतात. त्यांसच बोलीत ‘शेक देणे’ किंवा ‘लाईट देणे’ असे म्हणतात. वस्तुतः त्यात शेकण्यासारखे काही नसते. यंत्रातून सोडलेले तीव्र किरण पेशीच्या केंद्रातील सूत्रे तोडतात आणि तुटलेली सूत्रे सांधता न आल्याने कर्कपेशी मरते. किरण जेथे पडतात तेथेच त्यांचे कार्य होते, अशी अनेक वर्षे समजूत होती.

या समजुतीस अपवाद आहे, हे ब्रिटिश वैज्ञानिक आर. एच. मोल यांनी १९५३ मध्ये नमूद केले. एका जागी किरण दिले असता दूरच्या, किरण न मिळालेल्या जागीही कधी कधी परिणाम दिसतो. त्यास त्यांनी स्वतंत्र नाव दिले. असे का व्हावे याचा उलगडा प्रतिकारशक्तीच्या अभ्यासातून पुढे होत गेला.

रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी काही पेशी शरीरात गस्त घालीत असतात. परका जंतू किंवा बिघडलेली पेशी दिसताच त्या तिचा नाश करतात. गस्तवाल्याने निरपराध घरात शिरू नये म्हणून निसर्गाने त्याच्या हातास लगामही घातला आहे. कर्कपेशीची लबाडी अशी, की ती हाच लगाम खेचून धरते. गस्तवाला समोर असूनही थबकून राहतो. हा लगाम सोडविण्याचा मार्ग शोधल्याबद्दल अमेरिकेचे जेम्स ॲलिसन व जपानचे तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या तत्त्वावर तयार झालेले पहिले औषध, इपिलिमुमॅब, २०११ मध्ये अमेरिकेत मेलानोमासाठी संमत झाले. पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅब ही त्यानंतरची. या उपचारपद्धतीस इम्युनोथेरपी म्हणतात. यात औषध कर्कपेशीस स्वतः मारीत नाही, ते मारणाऱ्याचे हात मोकळे करते.

आता दोन्ही उपचारांचा मेळ कसा बसतो ते पाहू. लगाम सुटला तरी गस्तवाल्यास चोर ओळखता आला पाहिजे. किरणांनी कर्कपेशी फुटल्या म्हणजे त्यांचे अंश बाहेर पडतात. काही विशिष्ट पेशी ते अंश उचलून जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात. चावडीवर मुद्देमाल मांडावा तसे हे असते. तो पाहून गस्तवाले तयार होतात आणि अन्यत्र दडलेल्या तशाच पेशींचा माग काढू शकतात. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी मार्च २०१२ मध्ये मेलानोमाच्या एका रुग्ण स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. इपिलिमुमॅब चालू असताना तिचा रोग वाढत होता. पाठीच्या कण्यालगतच्या एका गाठीस किरण दिल्यानंतर केवळ तीच नव्हे, तर प्लीहेतील व छातीतील गाठीही आटल्या.

या हकीकतीने जगभर मोठी आशा निर्माण झाली. परंतु येथे सावधपणे बोलणे आवश्यक आहे. एका रुग्णावरून सर्वांचा नियम ठरत नाही. डोके व मान यांच्या पसरलेल्या कर्करोगात निवोलुमॅबला किरणांची जोड देऊन झालेल्या चाचणीत दूरच्या गाठी अधिक प्रमाणात आटल्या नाहीत. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. दूरवर होणारा परिणाम खरा असला तरी विरळ आहे. त्याच्या भरवशावर कोणी जमीन गहाण टाकावी असा तो खचित नाही. शिवाय तळव्यावरील मेलानोमावर इम्युनोथेरपीचा प्रभाव उन्हामुळे होणाऱ्या मेलानोमाच्या मानाने कमी पडतो आणि आपल्याकडे तोच अधिक आढळतो.

उलट, दोन उपचार एकापाठोपाठ देण्याचा लाभ कातडीच्या दुसऱ्या प्रकारात आता स्पष्ट झाला आहे. शस्त्रक्रिया व किरणोपचार पूर्ण झालेल्या, परंतु रोग उलटण्याचा मोठा धोका असलेल्या ४१५ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. सेमिप्लिमॅब हे औषध मिळालेल्यांपैकी दोन वर्षांनी सुमारे ८७ टक्के रुग्ण रोगमुक्त होते; औषध न मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ६४ टक्के होते. त्याच जातीच्या पेम्ब्रोलिझुमॅबची अशीच चाचणी मात्र अपेक्षित लाभ दिसत नसल्याने २०२४ मध्ये थांबविण्यात आली. सारांश, औषधाचे नाव आणि रोगाचा टप्पा डॉक्टरांकडून नीट समजून घेतला पाहिजे.

खर्चाचा प्रश्न सर्वांत बिकट आहे. ही औषधे दर काही आठवड्यांनी शिरेतून द्यावी लागतात आणि पूर्ण मात्रेचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्यापलीकडचा आहे. या दिशेने टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी केलेले काम उल्लेखनीय होय. डोके व मान यांच्या कर्करोगात त्यांनी निवोलुमॅबची केवळ २० मिलिग्रॅम, म्हणजे प्रचलित मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी मात्रा, तोंडाने घ्यावयाच्या औषधांबरोबर दिली. एक वर्षानंतर जिवंत असलेल्या रुग्णांचे प्रमाण त्यामुळे १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. कातडीच्या कर्करोगास हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही अल्प मात्रेचा पर्याय आहे का, हे डॉक्टरांस विचारण्यात संकोच बाळगू नये.

हात मोकळे झालेला गस्तवाला कधी घरच्यांवरही धावतो. अशा वेळी जुलाब, धाप, कावीळ, अंगावर पुरळ किंवा कंठस्थ ग्रंथीचा बिघाड उद्भवतो. औषध बंद होऊन काही महिने लोटल्यावरही हे होऊ शकते. गावातील डॉक्टरांनी अशा जुलाबांस नेहमीचे जुलाब समजू नये, यासाठी रुग्णाने आपल्या औषधाचे नाव लिहिलेला कागद जवळ ठेवावा.

किरणोपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस, असे सुमारे सहा आठवडे चालतात. ते मध्येच सोडल्यास उरलेल्या पेशींना पुन्हा वाढण्यास वाव मिळतो. म्हणून एकदा सुरू केल्यावर खंड पडू देऊ नये. लिंबायतमधील नातेवाइकाच्या घराचे मोल येथे कळते. आयुष्मान भारत योजनेत किरणोपचारांचा समावेश आहे आणि तिचे कार्ड परराज्यातील संलग्न रुग्णालयातही चालते. इम्युनोथेरपीची सर्व औषधे मात्र त्यात बसतातच असे नाही. रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे उपचार सुरू होण्यापूर्वीच चौकशी करावी. निघताना आयुष्मान कार्ड, आधार कार्ड, शिधापत्रिका, शस्त्रक्रियेचे कागद आणि बायोप्सीचा अहवाल बरोबर घ्यावा. तपासलेला तुकडा प्रयोगशाळेत मेणाच्या लहानशा ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो. तोही मागून घ्यावा, म्हणजे सुरतेस पुन्हा तुकडा काढण्याची पाळी बहुधा येत नाही.